हाताची ताकद कुठे गेली?

बेंगळुरूच्या होसूर रस्त्याने डेअरी सर्कलकडे जाताना दोन मोठी सरकारी आवारं लागतात. एक निम्हान्सचं, म्हणजे मेंदू, मज्जातंतू आणि मनाच्या आजारांचं; आणि त्याच्या शेजारीच किदवाईचं, कर्करोगाचं. किदवाई सुरू झाली १९७३ साली, निम्हान्स आजच्या रूपात उभी राहिली त्याच्या पुढच्या वर्षी. निपाणी, बेळगाव, अथणी, बिदर, भालकी या पट्ट्यातून रात्रीची गाडी धरून येणाऱ्या मराठी बोलणाऱ्या घरांत ही दोन्ही नावं चांगली ओळखीची आहेत. बहुतेकांचं काम एकाच आवारात भागतं. काहींना मात्र एका फाटकातून बाहेर पडल्यावर काही वर्षांनी दुसऱ्या फाटकातून आत जावं लागतं. कॅन्सर आटोक्यात आलेला असतो, पण हाताला जोर राहिलेला नसतो.

तक्रार दिसायला किरकोळ असते. केस विंचरताना हात मध्येच खाली येतो. मांडणीवरचा वरचा डबा काढता येत नाही. बसमधला वरचा दांडा धरून उभं राहणं जमत नाही. पोळी एका बाजूला जाड राहते, कारण लाटण्यावर एका हाताचा दाब पडत नाही. शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावायला बायकोला हाक मारावी लागते. आणि घरात सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न असतो, जो कुणी मोठ्याने विचारत नाही: परत आला की काय?

प्रश्न रास्तच आहे, पण तेवढा एकच प्रश्न घेऊन गेलं की घोळ होतो. स्कॅन काढला, त्यात गाठ दिसली नाही, सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला आणि हात होता तसाच राहिला, असं पुष्कळदा घडतं. या हाताचं निदान तीन गोष्टींवर ठरतं: अशक्तपणा कधी आणि कसा सुरू झाला, हाताच्या नेमक्या कोणत्या भागात आहे, आणि त्या बाजूच्या मानेवर, छातीवर, काखेत पूर्वी काय उपचार झाले. पहिल्या दोन गोष्टी रुग्ण सांगू शकतो. तिसरी फाइलमध्ये असते, आणि ती फाइल ऐन वेळी बहुधा सापडत नाही.

त्याआधी एक निवड करावी लागते. हात उचलत नाही म्हणजे ताकदच गेली, असं नसतं. दुखतं म्हणून माणूस हात उचलत नाही, ते वेगळं. सांधा आखडला म्हणून उचलत नाही, ते आणखी वेगळं. तिथे दुसऱ्याने उचलून पाहिला तरी हात वर जात नाही. सूज येऊन हात जड झाला, की तो अशक्त वाटतो. बोटं बधिर झाली की वस्तू हातातून निसटतात आणि माणूस म्हणतो, पकड गेली. प्रत्यक्षात पकड शाबूत असते, स्पर्श गेलेला असतो. आणि केमोनंतर महिनोन्‌महिने राहणारा थकवा तर सगळ्या अंगाला अशक्त करून सोडतो, पण तो एकाच हाताला कधी धरत नाही.

म्हणून डॉक्टर आधी हात लावून पाहतात. "दोन्ही हात बाजूने वर न्या. मी खाली दाबतो, दाबू देऊ नका." मग कोपर वाकवून, मग मनगट, मग बोटं फाकवून. प्रत्येक स्नायूला शून्य ते पाच असे गुण मिळतात. काहीच हालचाल नसेल तर शून्य, हाताचं स्वतःचं वजन उचलता आलं तर तीन, पूर्ण ताकद असेल तर पाच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने जखमी सैनिकांच्या नसांसाठी ही मोजणी ठरवून दिली, ती आजही केसपेपरवर "४/५" अशी लिहिलेली दिसते. पाच मिनिटांची ही तपासणी एमआरआयच्या आधी व्हायला हवी. कुठले स्नायू दुबळे आणि कुठले धड, हे कळलं की मेंदूपासून बोटापर्यंतच्या वाटेवर अडथळा नेमका कुठे आहे याचा अर्धा उलगडा तिथेच होतो.

ती वाट अशी. मेंदूतून निघालेला हुकूम मज्जारज्जूतून मानेपर्यंत येतो. मानेच्या खालच्या भागातून चार आणि छातीच्या वरच्या टोकाशी एक अशा पाच नसा प्रत्येक बाजूला बाहेर पडतात. गळ्याच्या बाजूला त्यांचं एक जाळं बनतं, ते पहिल्या बरगडीवरून, गळपट्टीच्या हाडाखालून काखेत उतरतं आणि तिथून हाताच्या वेगवेगळ्या नसा फुटतात. जाळ्याचा वरचा भाग खांदा आणि कोपर चालवतो; खालचा भाग पंजाचे बारीक स्नायू आणि करंगळीकडची बाजू. आता कर्करोगाचे उपचार कुठे होतात ते पाहा. स्तनाच्या कर्करोगात काख उघडतात आणि गळपट्टीच्या वर शेक, म्हणजे रेडिएशन, देतात. तोंडाच्या कर्करोगात मानेतल्या गाठी काढतात. फुफ्फुसाच्या टोकाला गाठ असेल तर ती थेट या जाळ्याला खेटून असते. हॉजकिन लिम्फोमात पूर्वी मान, छाती आणि दोन्ही काखा एकत्र भाजून काढत. कुठूनही गेलं तरी रस्ता या पाच नसांच्या अंगणातून जातो.

इंटरनेटवर या विषयावर वाचायला गेलं तर सगळं स्तनाच्या कर्करोगाबद्दल सापडतं, कारण लिहिणारे पश्चिमेचे. आपल्याकडे चित्र वेगळं आहे. भारतातल्या पुरुषांत तोंडाचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणात आढळतो, आणि त्याचं कारण सांगायला नको. निपाणी हे नाव महाराष्ट्र-कर्नाटकात बिडीच्या तंबाखूसाठीच ओळखलं जातं. तंबाखू मळणारा, गुटखा गालात धरून ठेवणारा, मशेरी लावणारी असे सगळे शेवटी एकाच विभागात येतात. गालाची किंवा जिभेची गाठ काढताना त्याच बाजूच्या मानेतल्या लसीकाग्रंथीही काढाव्या लागतात, आणि त्या मांसल, चरबीभरल्या भागातून एक बारीकशी नस आडवी जाते. तिचं काम एकच मोठं: मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत पसरलेला, खांदा वर उचलून धरणारा स्नायू चालवणं.

१९०६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज क्राइल या शल्यविशारदाने मानेची ही शस्त्रक्रिया पद्धतशीर मांडली, तेव्हा ग्रंथींबरोबर ही नसही काढून टाकली जाई. जीव वाचत होता, खांद्याची काळजी कोण करतो? अर्जेंटिनाच्या ओस्वाल्दो सुआरेझ यांनी १९६३ मध्ये ग्रंथी काढूनही नस जपता येते हे दाखवलं, आणि हळूहळू तोच रिवाज झाला. आज शक्य असेल तिथे नस वाचवतातच. पण वाचवताना ती बाजूला ओढावी लागते, मोकळी करावी लागते, आणि तेवढ्यानेही ती कित्येक महिने रुसते. अशा माणसाला समोरून पाहिलं तर एक खांदा खाली उतरलेला दिसतो. हात समोर उचलता येतो, पण बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत जाऊन अडकतो. मान आणि खांदा सतत दुखतो. नस शाबूत असेल तर वर्षभरात बरीच सुधारणा होते. त्या काळात खांदा तसाच ठेवला, तर मात्र सांधा आखडतो, आणि मग नस सुधारूनही हात वर जात नाही.

मला इथे एका गोष्टीचा राग येतो. तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णाला घरी पाठवताना नळीने काय भरवायचं, जखम कशी धुवायची, हे सगळं सांगितलं जातं. खांद्याचे व्यायाम मात्र पुष्कळ ठिकाणी कागदावरच राहतात. कॅनडात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डोक्या-मानेच्या कर्करोगातून वाचलेल्यांना हळूहळू वजन वाढवत खांद्याचे व्यायाम दिले, तेव्हा त्यांचं दुखणं आणि खांद्याची अडचण दोन्ही कमी झाली. यात महाग काही नाही.

हात दुबळा होण्याचं आणखी एक कारण खास आपल्याकडचं. गाल कापला की तो भरून काढावा लागतो. त्यासाठी भारतातल्या असंख्य शस्त्रक्रियांत छातीच्या मोठ्या स्नायूचा तुकडा, त्यावरच्या कातडीसकट, गळपट्टीवरून वळवून गालात बसवतात. ही युक्ती १९७९ साली स्टीफन अरियान यांनी मांडली. सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडण्याची सोय नसलेल्या ठिकाणीही ती करता येते, म्हणून इथे ती फार वापरली जाते. गाल बनतो, पण छातीचा तो स्नायू हात पुढे आणि आत ओढण्याच्या कामातून निवृत्त होतो. दार ढकलताना, पिंप सरकवताना, स्कूटर स्टँडवर चढवताना त्याची आठवण होते. कधी मनगटाजवळची कातडी घेतात, तेव्हा पंजा काही काळ बधिर आणि कमजोर राहतो. रुग्णाला हे आधी सांगितलेलं नसेल तर त्याला वाटतं, रोग हातात उतरला.

स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या ग्रंथी काढताना दोन नसांशी गाठ पडते. एक बरगड्यांवरून खाली उतरते आणि खांद्याच्या पात्याला पाठीशी धरून ठेवणारा स्नायू चालवते. ती दुखावली आहे का, हे कळायला यंत्र लागत नाही. बाईंना भिंतीकडे तोंड करून दोन्ही तळवे भिंतीवर टेकवून ढकलायला सांगायचं आणि मागून पाहायचं. एका बाजूचं पातं पाठीपासून सुटून बाहेर आलं, तर निदान झालं. दुसरी नस पाठीच्या रुंद स्नायूची. ती गेली तरी रोजच्या कामात फार जाणवत नाही. काखेतून दंडाच्या आतल्या बाजूला जाणारी एक तिसरी नस असते, ती कापली जाणं नेहमीचंच. तिथे फक्त बधिरपणा राहतो, ताकद जात नाही. पण सुन्न दंड मेलेला वाटतो आणि बाई घाबरतात.

काखेत आणखीही एक गंमत होते, गंमत म्हणायची म्हणून म्हणायची. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत हात वर केला की काखेतून कोपराकडे, कधी मनगटापर्यंत, कातडीखाली ताणलेल्या दोऱ्या दिसतात आणि हात तिथेच अडतो. या बंद पडलेल्या, घट्ट झालेल्या लसीकावाहिन्या असतात. दिसायला भयंकर, पण नियमित ताणाच्या व्यायामाने बहुतेकदा काही महिन्यांत सैल होतात.

हाताची सूज मात्र सहज पाठ सोडत नाही. काखेतल्या ग्रंथी गेल्या, वर शेकही दिला, की हातातलं द्रव परत जाण्याचे मार्ग कमी होतात. बांगड्या घट्ट होतात, ब्लाउजची बाही रुतते, संध्याकाळी हात भरून येतो. वर्षानुवर्षं या बायकांना सांगितलं गेलं की त्या हाताने काही उचलू नका. त्याने झालं असं, की सूज राहिली ती राहिलीच, आणि हात न वापरल्याने स्नायूही वाळले. २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये कॅथरीन श्मिट्झ आणि सहकाऱ्यांनी १४१ बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सूज असलेल्या हाताने, देखरेखीखाली आणि दाबाची बाही घालून, बेताबेताने वजनं उचलल्याने सूज वाढली नाही, त्रास उलट कमी झाला आणि ताकद वाढली. पंधरा वर्षांहून जास्त काळ लोटला तरी "पाण्याची बादली सुद्धा उचलू नका" हा सल्ला अजून घरोघर फिरतो आहे.

आता शेकाकडे वळतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. शस्त्रक्रियेचा परिणाम दुसऱ्या दिवशी दिसतो. शेकाचा परिणाम वाट पाहतो. मानेतल्या-काखेतल्या त्या जाळ्याला बसलेली किरणं सुरुवातीला काहीच करत नाहीत. पण नसांभोवतीच्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बंद होत जातात, भोवतालचं पेशीजाल घट्ट, तंतुमय होत जातं, आणि नस आत आवळली जाते, उपाशी राहते. काही महिन्यांत लक्षणं दिसू शकतात, बहुधा वर्ष-दोन वर्षांनी किंवा आणखी उशिरा दिसतात, आणि वीस वर्षांनी सुरू झाल्याचीही उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. आधी बोटांना मुंग्या, मग बधिरपणा, मग खांदा किंवा पंजा दुबळा. दुखणं पुष्कळदा कमी असतं.

आजच्या मात्रेत हे क्वचितच घडतं, हे आधीच सांगून टाकतो. शेकाची मात्रा ग्रे या एककात मोजतात. स्तनासाठी ५० ग्रे, रोज २ प्रमाणे २५ दिवसांत, ही कितीतरी वर्षं रूढ मात्रा होती. आता ४० ग्रे १५ दिवसांत देतात. ब्रिटनमधल्या 'फास्ट-फॉरवर्ड' या चाचणीचे २०२० मध्ये निष्कर्ष आले, तेव्हापासून निवडक रुग्णांत पाच दिवसांत २६ ग्रेही दिले जातात. दिवस कमी केले तर एकूण मात्राही तशीच कमी करावी लागते, कारण नसांचं नुकसान एका वेळी किती दिलं यावर फार अवलंबून असतं. हे गणित जगाने सहजासहजी शिकलेलं नाही. पूर्वी काही ठिकाणी कमी दिवसांत मोठमोठे डोस देत. काखेवर आणि छातीवर वेगवेगळे किरणझोत सोडताना रुग्णाला मध्ये हलवलं जाई, दोन झोत एकमेकांवर चढत, आणि जिथे चढत तिथे नेमकं ते जाळं असे. ब्रिटनमध्ये अशा हात लुळे पडलेल्या बायकांनी १९९० च्या दशकात 'रेज' नावाची संघटना काढून दाद मागितली. त्यातून चौकशी झाली आणि १९९५ मध्ये रेडिओलॉजिस्टांच्या रॉयल कॉलेजचा अहवाल आला. आज शेक देण्याआधी सीटी स्कॅनवर नियोजन करतात, डोक्या-मानेच्या रुग्णांत हे जाळं संगणकावर रेखून त्याला किती मात्रा पोचणार हे पाहतात, त्यामागे या बायकांचाही वाटा आहे. तोंड-घशाच्या कर्करोगात मात्र ६० ते ७० ग्रेपर्यंत जावं लागतं, त्यामुळे मानेच्या खालच्या भागात जाळ्याला जास्त मात्रा पोचण्याचा धोका तिथे आजही विचारात घ्यावा लागतो.

मग एखाद्या बाईंचा हात शेकानंतर सहा वर्षांनी दुबळा झाला, तर तो शेकामुळे की गाठ परत आल्यामुळे? न्यूयॉर्कच्या कोरी, फोली आणि पॉस्नर या तिघांनी १९८१ मध्ये अशा १०० रुग्णांचा अभ्यास मांडला. गाठ असेल तर दुखणं तीव्र, रात्री झोपू न देणारं. कमजोरी बहुधा पंजात आणि करंगळीकडे. कधी त्याच बाजूची पापणी खाली येते आणि डोळ्याची बाहुली लहान होते. शेकामुळे असेल तर दुखणं कमी, कमजोरी खांद्याकडे जास्त, आणि हाताला सूज. नंतरच्या अभ्यासांत वरचा भाग-खालचा भाग ही विभागणी पूर्णपणे टिकली नाही, पण दुखण्याबद्दलचा इशारा अजूनही कामाचा आहे. तीव्र, वाढत जाणारं दुखणं असेल तर गाठ नाही हे सिद्ध होईपर्यंत गाठ धरूनच चालतात.

इथे ईएमजी ही तपासणी हाताशी येते. स्नायूत बारीक सुई टोचतात, तिच्यातून येणारे विद्युत्संकेत पडद्यावर दिसतात आणि लाउडस्पीकरवर ऐकूही येतात. निरोगी स्नायू स्वस्थ असताना गप्प असतो. नस तुटलेल्या स्नायूतून टपटप, खरखर येते. आणि शेकाने दुखावलेल्या नसेच्या स्नायूतून पुष्कळदा एक वेगळाच आवाज येतो: ठरावीक लयीत, गटागटाने, लष्करी बूट एकाच तालावर पडत जावेत तसा. तो ऐकू आला की शेकाकडे बोट जातं, कारण गाठीमुळे तो सहसा येत नाही. तंत्रज्ञ काही बोलत नाही, रुग्ण मान वळवून पडद्याकडे पाहत असतो, आणि डॉक्टर आवाजावरूनच मान डोलावतात. याच्या जोडीला त्या जाळ्याचा कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय, आणि लागलं तर पेट-सीटी. तरीही काही जणांत नक्की सांगता येत नाही आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा पाहावं लागतं. ते थांबणं घरच्यांना फार जड जातं.

शेकाने झालेली इजा भरून काढणारं औषध आजतागायत नाही. जादा दाबाखालचा प्राणवायू देऊन पाहिला, पेंटॉक्सिफायलीन आणि ई जीवनसत्त्व देऊन पाहिलं. नीट तुलना करून केलेल्या चाचण्यांत फायदा सिद्ध झाला नाही. बधिर-जळजळ कमी करायला प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलीनसारखी औषधं देतात, मनगटाला आधारपट्टी देतात, सांधे आखडू नयेत म्हणून व्यायाम करून घेतात, कामाच्या पद्धती बदलून देतात. "नस मोकळी करून देतो" म्हणत मालीश करणाऱ्यांकडे आणि बधिर हाताला गरम शेक घेण्याकडे लोक वळतात, त्यात भाजण्याचा धोका खरा आहे.

गाठीची भीती बाजूला सारायची नसते, पण तिची जागा ठरवून द्यायला हवी. काही लक्षणांत थांबायचंच नाही. हात अचानक लुळा पडला आणि तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात समजायचा. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनसाठी पहिले साडेचार तास महत्त्वाचे असतात. मानेवर शेक घेतलेल्यांत मेंदूकडे जाणाऱ्या रोहिण्या वर्षांनंतर अरुंद होऊ शकतात, म्हणून त्यांच्यात हे जास्त लक्षात ठेवायचं. मान किंवा पाठ आडवं झाल्यावर जास्त दुखते, दोन्ही हात किंवा पाय कमजोर वाटतात, लघवी-संडासवरचा ताबा जातो, तर मणक्यात पसरलेली गाठ मज्जारज्जूला दाबत असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावं लागतं, कारण एकदा गेलेले पाय परत येतीलच असं नाही. केमोची नळी बसवलेला हात एकाएकी सुजला, निळसर झाला, तर शिरेत गुठळी. सुजलेला हात लाल, गरम झाला आणि ताप आला, तर जंतुसंसर्ग. कर्करोग मेंदूत पसरला असेल तर हाताच्या कमजोरीबरोबर डोकेदुखी, उलटी, आकडी येऊ शकते.

औषधांची गोष्ट वेगळी, ती सहसा एका हातापुरती नसते. पॅक्लिटॅक्सेल, सिस्प्लॅटिन, ऑक्सॅलिप्लॅटिन यांनी दोन्ही पायांची बोटं आणि मग दोन्ही हातांची बोटं बधिर होतात, प्लॅटिनमच्या औषधांत हा त्रास केमो संपल्यावरही काही महिने वाढतच राहतो, तेव्हा "केमो तर झाली, मग आता का?" असं विचारणाऱ्याला ते सांगून ठेवावं. व्हिन्क्रिस्टीनने कधी मनगट खाली पडतं. मेंदूच्या गाठीसाठी बराच काळ डेक्सामेथासोन घेतलेल्यांचे दंड आणि मांड्या वाळतात. त्यांना हात वर धरणं आणि जमिनीवरून उठणं दोन्ही अवघड होतं. उलटी थांबवायला दोन-तीन दिवस घेतलेल्या गोळ्यांनी तसं होत नाही. लेट्रोझोल, अनॅस्ट्रोझोल या स्तनाच्या कर्करोगात पाच-पाच, दहा-दहा वर्षं चालणाऱ्या गोळ्यांनी सांधे दुखतात, सकाळी बोटं मिटत नाहीत, मनगटात नस दाबली जाऊन रात्री अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर होतात. अलीकडची इम्युनोथेरपी क्वचित स्वतःच्याच स्नायू-नसांवर हल्ला घडवते; तेव्हा दुहेरी दिसणं, गिळायला त्रास, दम लागणं अशी सोबत असते आणि ते तातडीचं प्रकरण ठरतं.

आणि कॅन्सर झालेला माणूस म्हणजे माणूसच. त्याला स्पाँडिलायटिस होतो, मधुमेह असतो, पन्नाशीत खांदा आखडतो. दिवसभर लॅपटॉपपुढे बसून संध्याकाळी बेंगळुरूच्या ट्रॅफिकमध्ये तासभर क्लच दाबणाऱ्याची मान कॅन्सर न होताही दुखते. शाकाहारी माणसाच्या, त्यातही मेटफॉर्मिन घेणाऱ्याच्या, बी-१२ ची पातळी पाहायलाच हवी. मानेवर शेक घेतलेल्यांचं थायरॉइड कालांतराने मंदावू शकतं आणि स्नायू ढिले पडतात. साध्या रक्ततपासणीत ते कळतं आणि रोजच्या एका गोळीने बरं होतं. ड जीवनसत्त्वाची कमतरता दंड-मांड्या दुबळ्या करते. ही सगळी स्वस्तात सापडणारी आणि सुधारणारी कारणं महागड्या स्कॅनच्या घाईत राहून जातात, हे मला फार खटकतं.

बेंगळुरूत एक अडचण आणखी येते. इथला मराठी रुग्ण पुष्कळदा इथे नव्याने आलेला असतो. आईचं ऑपरेशन सोलापुरात झालं, शेक मुंबईत घेतला, आणि नऊ वर्षांनी ती मुलाकडे बेंगळुरूला राहायला आली. आता उजवा हात उतरला. नसांचे डॉक्टर विचारतात, शेक कुठे कुठे दिला? काखेवर? गळपट्टीच्या वर? किती ग्रे, किती दिवस? मुलगा फोन लावतो, बाबा कपाट उपसतात, सापडतं काय तर बिलं, रक्ताचे रिपोर्ट आणि एक्स-रेची पिवळी पाकिटं. हे डॉक्टर मग स्पाँडिलायटिस धरून चालतात, कारण साठीतल्या कुणाच्याही मानेच्या एमआरआयमध्ये तो दिसतोच. कॅन्सरचे डॉक्टर पेट-सीटी पाहून सांगतात, आमच्या बाजूने काही नाही. होसूर रस्त्यावरची ती दोन आवारं भिंतीला भिंत लागून असली, तरी एका आवारातला कागद दुसऱ्यात आपोआप जात नाही. तो न्यावा लागतो.

कोणता कागद? शेक संपल्यावर रेडिएशन विभाग एक पानाचा सारांश देतो, किंवा मागितला तर देतो. त्यात कुठल्या बाजूला, कोणकोणत्या भागांवर, एकूण किती ग्रे, किती भागांत आणि कोणत्या तारखांना शेक दिला, हे असतं. शस्त्रक्रियेच्या नोंदीत काखेतल्या किंवा मानेतल्या किती ग्रंथी काढल्या आणि कोणती नस कापावी किंवा वाचवावी लागली, हे असतं. बायोप्सीचा अंतिम अहवाल आणि केमोच्या औषधांची नावं-मात्रा यांची जोड द्यायची. डिस्चार्ज कार्डाच्या भाराखाली ही चार-पाच पानं दबून जातात. ती वेगळी काढून, फोटो काढून, घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवता येतात. शेकाच्या योजनेच्या तपशीलवार संगणकीय फाइली प्रत्येक ठिकाणी कायमच्या जपल्या जातीलच असं नाही, त्यामुळे उपचार संपतानाच तो सारांश मागून घ्यावा. आणि हात दुबळा झाला तर डॉक्टरांपुढे बसण्याआधी एका ओळीत लिहून न्यावं: कोणत्या महिन्यात सुरू झालं, आधी काय जमेनासं झालं, केस विंचरणं की किल्ली फिरवणं, दुखतं का, आणि दर महिन्याला वाढतंय की तसंच आहे. केस विंचरणं आणि किल्ली फिरवणं यातला फरक खांदा आणि पंजा यांतला फरक आहे, आणि न्यूरॉलॉजिस्ट तपासणीला सुरुवात तिथूनच करतो.